कारागिराचा वायदा

फटफटी दुरुस्तीस दिली असता कारागीर ‘उद्या या’ म्हणतो, आणि असे उद्या महिनाभर लोटतात. तेव्हा धीर धरणे हा सद्गुण की भित्रेपणा? वाचकहो, विलंब दोन प्रकारचा असतो. सुटा भाग पेठेत मिळत नसल्यास तो कारागिराचा दोष नव्हे; तेथे धीरच धरावा. परंतु कामास हात न लावता ‘झालेच’ म्हणणे हे असत्य होय. ते मुकाट्याने सोसल्याने त्याचेही हित होत नाही. सन १८७२ च्या करार कायद्यान्वये मुदत ठरली नसल्यास काम वाजवी वेळात झाले पाहिजे; तसेच केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क कारागिरास आहे. यास्तव आरंभीच मुदत व मजुरी लिहून घ्यावी, आणि मजुरी देण्यास आपणही विलंब लावू नये.