यातला 'अहो' आदरार्थी नाही

कट्ट्यावर परवा अल्बाट्रॉसचा विषय निघाला, तेव्हा आमचे एक निवृत्त काका सहज म्हणाले, "माणूस दिसला तरी जो उडत नाही, तो पक्षी संपणारच. मूर्खाला कोण वाचवणार?" कुसळासारखं ते वाक्य अजून टोचतंय.

भाषा काकांच्या बाजूने आहे, हे कबूल. जपानीत या पक्ष्याला 'अहोदोरी' म्हणतात, म्हणजे मूर्ख पक्षी. (यातला 'अहो' आदरार्थी नाही.) पण त्याच पक्ष्याचं नाव चिनी अक्षरांत लिहिलं, की अर्थ होतो 'आभाळावर भरवसा ठेवणारा म्हातारा'. वरून मासा पडेल म्हणून हा वाट बघत उभा राहतो, अशी समजूत. आपलं 'असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी'च की! पिलाच्या घासासाठी शेकडो किलोमीटर उडणाऱ्याला हे ऐकवायचं म्हणजे कमालच.

मूर्ख वेगळा, भोळा वेगळा. शंकराला आपण भोळा म्हणतो. मूर्ख म्हणायची कोणाची छाती आहे? ज्या बेटावर चालत येणारा शत्रू कधी आलाच नाही, तिथे पळायचं कोणापासून? जपानच्या तोरिशिमा बेटावर 1887 च्या सुमारास तो आला, दंडुका घेऊन, पिसांसाठी. पुढच्या काही दशकांत 50 लाख पक्षी मारले गेले, असा अंदाज आहे. 1949 मध्ये पक्षितज्ज्ञ ऑलिव्हर ऑस्टिन बेटाला वळसा घालून आले. एकही दिसला नाही. जात संपली, असं ठरलं. 1951 मध्ये तिथेच दहा-एक पक्षी आढळले. कोवळे अल्बाट्रॉस कित्येक वर्षं समुद्रावरच काढतात. कत्तल झाली तेव्हा ते घरी नव्हते, इतकंच.

इथवर मी जिंकत होतो. पण पुढे पक्षितज्ज्ञ हिरोशी हासेगावा येतात. उरलेली घरटी ज्वालामुखीच्या घसरड्या उतारावर, अंडी घरंगळायची. 1990 च्या दशकात हासेगावांनी बेटाच्या सुरक्षित बाजूला अल्बाट्रॉसच्या खोट्या प्रतिकृती मांडल्या, ध्वनिमुद्रित आवाज लावले. पक्षी फसले, उतरले, तिथे घरटी केली. आज त्यांची संख्या काही हजारांवर आहे. म्हणजे ज्या स्वभावाने घात केला, त्यानेच तारलं. भोळा की मूर्ख, हे पक्ष्यात शोधत बसलो होतो. ते तर समोरच्याच्या हातात काय आहे, यावर ठरत होतं.

आणि समुद्रात तर भोळेपणा परवडतच नाही. मासेमारीच्या लांबच लांब दोरीला हजारो गळ. आमिषावर झेपावलेला पक्षी गळासकट बुडतो. बुडालेला परत येऊन इतरांना शहाणं करत नाही. उपाय साधा आहे: पक्षी बिचकावा म्हणून बोटीमागे फडफडत्या फिती सोडायच्या. जपानी मच्छीमारांनी ही युक्ती आमिष वाचावं म्हणून काढली, पक्ष्याच्या दयेपोटी नव्हे.

बेटावर खोटे सोबती मांडून 'ये' म्हणायचं आणि भर समुद्रात फिती नाचवून 'जा'. काकांना हे सांगितलं, तर ते म्हणणार, "मग मी काय वेगळं म्हणत होतो? भ्यायला शिकवलंतच ना?"