नंदी कुणी सजवला?

पहिली-दुसरीच्या वर्गांसमोरचा फलक म्हणजे आमच्या शाळेचा दर्शनी भाग. शाळा बघायला येणाऱ्या पालकांना आधी तिथेच नेतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून फलकावरचा पहिला विषय पाऊस. मग पोळा, मग संत्रं, मग बाजार, मग माझं घर. पालक कौतुकाने विचारतात, ‘हे सगळं मुलांनी केलंय?’ मी मान हलवते. ती मान खरी हलते की खोटी, हे एकदा स्वतःपाशी तपासावं म्हणून लिहायला बसले आहे.

ढग मी कापलेले असतात. रात्री, जेवणं आटोपल्यावर, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून. अक्षरं माझी, मांडणी माझी, रंग कोणता घ्यायचा तेही माझं. मुलांचा वाटा एवढाच, की मी बोट ठेवीन तिथे थेंब चिकटवायचा. कुणी छत्री उलटी लावली तर मधल्या सुट्टीत मी ती सरळ करते. याला आमच्या नियोजनाच्या वहीत ‘कृतियुक्त अध्ययन’ म्हणतात. कृती होते, यात शंका नाही. ती माझी होते.

पोळ्याच्या आठवड्यात हे सगळ्यात उघडं पडतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 मध्ये तो सुरू केला असं नागपुरात सांगतात. खऱ्या बैलांचा सण आदल्या दिवशी होतो. हा लेकरांचा, लाकडी नंदीचा. मुलं नंदी ओढत घरोघर जातात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. त्याच दिवशी शहरात मारबतीची मिरवणूक आणि सुट्टी, म्हणून शाळेत तान्हा पोळा आधीच उरकतो. धोतर, फेटा, चाकांवरचा नंदी, घुंगरमाळ, झूल, बेगड. बक्षीस कुणाला? ज्याचा नंदी मोठा आणि झूल भारी त्याला. म्हणजे बक्षीस आईच्या फुरसतीला आणि बापाच्या खिशाला. ई-रिक्षा चालवणाऱ्याचं पोरगं वीतभर नंदी काखेत धरून रांगेच्या शेवटी उभं असतं आणि मी मध्येच त्याचा फेटा नीट करते, कारण फोटो काढायचा असतो. फोटो पालकांच्या ग्रुपवर जातो, त्यावर जोडलेले हात, टाळ्या वाजवणारे पंजे येतात. ते मोजायला मला आवडतं. हेही लिहून ठेवते.

त्या सगळ्या धामधुमीत नंदीला मुलाने हात केव्हा लावला? तो दुकानातून आला, घरी सजला, शाळेत टिपला गेला, संध्याकाळी कपाटावर गेला. मुलाच्या वाट्याला दोरी आली.

आता दुसरी बाजू, कारण स्वतःला झोडपणं हीसुद्धा एक मिरवणूकच असते. संत्र्याचा आठवडा मात्र खरा होतो. त्यात माझी हुशारी फारशी नाही, संत्र्याची आहे. नागपुरी संत्र्याची साल सैल. सहा वर्षांच्या बोटांना ती कुणाच्या मदतीशिवाय सोलता येते. मी एवढंच विचारते: आत फाका किती असतील? कुणी पाच म्हणतं, कुणी शंभर. सोलून मोजल्या की दहा, अकरा, कधी बारा. मग शेजाऱ्याच्या संत्र्यात किती? मोठ्या संत्र्यात जास्त असतात का? या प्रश्नावर वर्ग अक्षरशः भांडतो. कुणी बिया वेगळ्या काढून जोड्या लावतं, कुणी निम्म्या फाका खाऊन मोकळं होतं आणि मग ‘उरल्या किती’ हे गणित मी न देताच उभं राहतं. आंबिया बहराची संत्री हिवाळ्याच्या तोंडाशी येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चात. त्यामुळे तोच धडा वर्षात दोनदा घेता येतो. दुसऱ्यांदा अंदाज बराच जवळ येतो, ‘शंभर’ कुणी म्हणत नाही. या आठवड्यात फलकावर लावण्याजोगं काहीच निघत नाही. साली सुकतात, वहीवर डाग पडतात. शेजारच्या वर्गाच्या बाई दारात येऊन म्हणतात, ‘तुमचे पोट्टे फारच कल्ला करून राह्यले हो!’

इथे अंदाज चुकला हे सांगायला मी लागत नाही, संत्रं सांगतं. थेंब किंवा छत्री चुकली हे मात्र मलाच सांगावं लागतं, कारण ती चूक माझ्या डोळ्यातली असते, कागदाला त्याचं काही नसतं. बऱ्या-वाईट उपक्रमातला एवढाच फरक आता मी मानते. वस्तू स्वतः उत्तर देते का, हे पाहायचं.

हे शोधायला मला लांब जायला नको होतं. नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम आहे. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि झाकीर हुसेन यांच्या समितीने पुढे नई तालीमचा अभ्यासक्रम आखला. आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी तो सेवाग्रामात चालवून दाखवला. उद्योगाभोवती विषय गुंफायचे, याला ते समवाय म्हणत. आज आम्हाला प्रशिक्षणात ‘थीम’ म्हणून जे शिकवतात ते बरंचसं हेच. टकळीवर सूत काढायचं, चार फुटांची एक तार, 160 तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. पाढे, माप, कापसाची जमीन, कापडाचा बाजार, सगळं त्या धाग्यावर. धागा कुठे जाड कुठे बारीक झाला तर तो तुटतो. बाईंनी डोळे वटारायची गरज नाही. आणि निघालेलं सूत वापरात जातं. मुलांच्या उद्योगातून शाळेचा खर्च निघावा, हा त्यातला आग्रह मला तेव्हाच्या टीकाकारांइतकाच आजही खटकतो. सात वर्षांच्या मुलाने कुणाचा पगार कमवू नये. पण वस्तू खरी हवी, या मुद्द्यापुढे माझा कार्डशीटचा ढग टिकत नाही. सेवाग्रामच्या त्याच आवारात आनंद निकेतन शाळा 2005 पासून पुन्हा चालते, शेती आणि स्वयंपाकघर तिथे अभ्यासक्रमात आहेत. मी सहलीबरोबर बापूकुटी पाहून परत आले होते, शाळा बघायची राहिली.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, पानं, खडे वापरले, हे मी डी.एड.च्या परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या रचनावादी शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले, तेव्हा त्या लाटेत आम्हीही तिथल्यासारखी वर्गाची फरशी रंगवून घेतली. रंग उडाला. फरशीवर बसून मुलांनी नेमकं काय करायचं, हे आम्ही रंगाऱ्याइतकंच जाणत होतो.

मग मला अडवतं कोण? चाळिशीच्या पुढे पट आहे. कायदा प्राथमिकला साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक म्हणतो. वेळापत्रक आहे, निपुण भारत अभियानाची लक्ष्यं आहेत, वहीतपासणी आहे. ही कारणं खरी आहेत, आणि ती मी पुरेशी वापरली आहेत. त्यांच्या मागे एक कारण राहतं, ते वहीत लिहीत नाही: मला नीटनेटकेपणा आवडतो. मुलांच्या हातचं काम ओबडधोबड असतं आणि ते माझ्या नावाने भिंतीवर लागतं, याची मला लाज वाटते. दुसरं, उपक्रमांचा उत्साह कधी कधी माझ्याच कंटाळ्यातून येतो. तोच ‘कमळ’ वर्षानुवर्षं शिकवताना मुलांना नवा असतो, मला नसतो.

सगळंच हाताने करावं, असंही माझं मत नाही. पाढे एका सुरात म्हणताना मुलांचे चेहरे मी पाहते; त्यात मजा आहे आणि ती कमी प्रतीची नाही. गोष्ट ऐकताना हात रिकामेच हवेत. पंचवीस मिनिटांच्या तासात पाच मिनिटं गोंद वाटण्यात आणि दहा मिनिटं पुसण्यात गेली, तर त्यापेक्षा गोष्ट सांगितलेली बरी. वर्ग झाडणाऱ्या मावशींनाही ते पटेल.

यंदा नंदी मातीचा करायचं ठरवलं आहे. शेतातली काळी माती घेतली तर तो सुकताना आकसेल आणि तडकेल, आपल्या रानांना उन्हाळ्यात भेगा पडतात तसाच. कुंभाराच्या मातीचा कमी तडकेल. का, हे मुलांना विचारता येईल. पाय बारीक केला तर नंदी बसेल. खऱ्या बैलाचा पाय केवढा जाड असतो, हे ज्याने पाहिलंय ते पोरगं तेव्हा सांगेल. आणि वर्गात असं पोरगं निघतंच, कारण निम्म्या मुलांचं आजोळ यवतमाळ, वर्धा नाहीतर भंडाऱ्याकडे आहे. बैलांची खांदशेकणी कशासाठी, पोळ्याच्या झडत्या कोण म्हणतं, आजोबांची जोडी विकली का गेली, हे प्रश्न लाकडी नंदीवरून कधी निघाले नव्हते. त्यातल्या शेवटच्याचं उत्तर द्यायची माझी तयारी नाही, पण तो टाळायला आता फेट्याचं निमित्त राहणार नाही.

मुख्याध्यापिकांना सांगून ठेवलं आहे, पोळ्याच्या फलकावर या वेळी फक्त मुलांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या असतील. पालकांना विनंती एवढीच: विकतचा नंदी पाठवू नका, घरी सजवून देऊ नका, आणि मुलगा मातीत बसला असेल तर त्याचा नंदी सरळ करायला हात पुढे करू नका. पाय मोडला तर मोडकाच घेऊन या. वर्गात माती आणि पाण्याची बादली ठेवलेली असेल. बक्षीस कुणालाच नाही.