मामाची कालवड

जानेवारी २०२५. लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात, रुंबाक गावाच्या वरच्या अंगाला आम्ही सहा जण बर्फात बसून होतो. चौथ्या दिवशी दुपारी स्कोपला डोळा लावलेला गाईड हळूच म्हणाला, "शान." लडाखीत हिमबिबट्याला शान म्हणतात.

समोरच्या कड्यावर मला आधी नुसते दगड दिसले. मग त्यातल्या एका दगडाला शेपूट असल्याचं कळलं. दहाएक मिनिटं तो पडून होता. एकदा मान वर करून त्यानं खालच्या भरलांच्या कळपाकडे पाहिलं आणि कड्यामागे निघून गेला. हिवाळ्यात भरल खाली उतरतात, त्यांच्यामागे तोही उतरतो, म्हणून रात्री उणे वीस अंश असतानाही लोक इथे येतात. माझे डोळे भरून आले होते. थंडीनं, असं मी बाकीच्यांना सांगितलं.

आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आमा-लेंनी संध्याकाळी चुलीपाशी जुन्या गोष्टी सांगितल्या. पूर्वी शान छपरातून मेंढवाड्यात उतरायचा आणि एका रात्रीत वाडा रिकामा करायचा. लोकही तो सापडला की सोडत नसत. मग वाड्यांवर जाळी आली, घरांत पाहुणे येऊ लागले. मी गाईडकरवी विचारलं, "आता राग येत नाही?"

"येतो की," त्या म्हणाल्या, "पण तो आहे म्हणून तुम्ही येता."

लेहला परतलो तेव्हा रेंज आली. मी फोटो टाकला, खाली लिहिलं, 'हे डोंगर त्यांचे, आपण पाहुणे.' मग मामाचे चार मिस्ड कॉल दिसले.

"कुठं हायस?"

"लेहला. मामा, हिमबिबट्या बघितला!"

"बघितलास? बरं झालं. हिकडं वाघानं आपली कालवड खाल्ली."

डिसेंबरात येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ दिसला होता. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला तरुण नर. नकाशावर सरळ रेघ ओढली तरी तीनशेच्या आसपास किलोमीटर भरतात. आम्हा ढोकीच्या पोरांसाठी रामलिंग म्हणजे श्रावणातली सहल, माकडांपासून वाचवलेला डबा. तिथे वाघ येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मामाचं शेत त्याच बाजूला.

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "पकडून नेतील ना त्याला?"

फोन ठेवल्यावर स्वतःचाच फोटो पुन्हा पाहिला. पाहुणे म्हणे.

याला ढोंग म्हणून मोकळं होणं सोपं आहे. हेमिस ४,४०० चौरस किलोमीटरचं, आपलं अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं आणि चारी बाजूंनी शेतं, असं समर्थनही देता येतं. पण आमा-लेही उद्यानाच्या आतच राहतात. नुसत्या जागेनं हिशेब जुळत नाही.

मला वाटतं, फरक नुकसान कोणी वाटून घेतलं याचा आहे. आमा-ले संत नाहीत, त्यांनी ते सांगितलंच. त्यांचा राग एकटा पडला नाही, इतकंच. जाळीचा, पाहुण्यांचा, पाहुण्यांच्या पैशांचा त्याला टेकू मिळाला. असा सोसलेपणा विकतचा, म्हणून कमअस्सल, असं काही जण म्हणतील. पण निर्मळ प्रेम परवडतं ते ज्याची मेंढी जात नाही त्याला. माझं होतं तसं.

मामाची कालवड गेली तेव्हा पंचनामा झाला, भरपाईची तरतूद आहे. पण पंचनाम्यात कालवड मोजतात. मोटारीला लाईट रात्री येते आणि हरभऱ्याला पाणी द्यायला अंधारात जावं लागतं, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

वाघाला बेशुद्ध करून, कॉलर लावून सह्याद्रीत सोडायचं ठरलं. पथकं आली, वाघ हाती लागला नाही. मी गावी गेलो तेव्हा लोकांनी त्याचं नावच 'रामलिंग' ठेवलं होतं.

मामानं सहलीला किती खर्च आला ते विचारलं. मी निम्मा आकडा सांगितला. मग त्यानं फोटो मागितला, बराच वेळ मोठा करकरून पाहिला.

"सगळे दगडच हायेत की."

"वाघाचा राग येतो का, मामा?"

"त्येला काय म्हाईत, कालवड माझी हाय म्हणून. लांबून आलंय ते, उपाशी." मग जरा थांबून म्हणाला, "पण मला तर म्हाईत हाय ना, माझी हाय ते."

त्याला इथे राहू द्यावं, असं मला आजही वाटतं. पण ते मामासमोर म्हणायचं तर आधी त्याच्या रात्रीतला काही भाग मला उचलावा लागेल. नाहीतर ते मत नव्हे, नुसती हौस.

मामानं काठी घेतली. "बाराला लाईट हाय. येतोस का?"

बॅटरी घेऊन गेलो. बांधावर उभा राहिलो. उसाचं पान हललं तरी मान वळत होती. त्या रात्री डोळे भरून आले नाहीत.