शेवटच्या वावराचं पाणी

बागलाणात मोसम नदीच्या काठी एक गाव आहे. तिथली शेती फडाची. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटावर फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी द्यायचं ते पाटकऱ्यानं. शेतकरी कितीही मोठा असो, त्यानं स्वतः दारं फोडायचं नाही. शेकडो वर्षांची ही रीत आहे, आणि नाशिक जिल्ह्याचं वैभव मोजायला बसलं तर मी द्राक्षांच्या आधी हिचं नाव घेईन.

त्या गावचा म्हातारा पाटकरी थकला आणि फावडं नातवाच्या हाती आलं. पोराच्या महिनाभरात लक्षात आलं, की फावड्याच्या दोन घावांत पाणी वळतं आणि पाण्यापाठोपाठ माणसंही वळतात. वरच्या अंगाचे शेतकरी त्याला चहाला बोलावू लागले. त्यांच्या वावरात पाणी जरा जास्त रेंगाळू लागलं. टोकाला एका विधवेचं अर्धा एकर वावर होतं. तिथं मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या.

आजोबा रागावले नाहीत. संध्याकाळी नातवाला घेऊन बंधाऱ्यावर बसले.

"या बागलाणातून एकदा बादशहाची फौज माघारी पळाली होती, ठाऊक आहे?"

"कधी, आबा?"

"1612 साली. जहांगीर बादशहाचा सरदार अब्दुल्लाखान गुजरातेतून नाशिक-त्र्यंबकच्या वाटेनं दौलताबादेवर निघाला. दुसरी फौज वऱ्हाड-खानदेशाकडून यायची होती. दोघांनी मिळून निजामशाहीला चिमटीत धरायचं ठरलं होतं. पण खानाला यश एकट्याला हवं होतं. तो थांबला नाही. मग मराठे स्वार त्याच्या पाठीच लागले. समोर उभे राहीनात, पण रसद तोडायचे, रात्री झोपू द्यायचे नाहीत. खान कसाबसा बागलाणातून गुजरातेत परतला."

"त्या स्वारांचा धनी कोण?"

"मलिक अंबर. हबसाणातला, आफ्रिकेतला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात, बगदादपर्यंत. शेवटी अहमदनगरात आला. 1600 साली मोगलांनी नगरचा किल्ला घेतला, तेव्हा यानंच निजामशाही घराण्यातला वारस शोधून गादीवर बसवला. पुढं 1626 साली मरेपर्यंत सारा कारभार याच्या हाती होता. तरी स्वतः गादीवर बसला नाही. शहाजीराजे भोसले भातवडीला लढले ते याच्याच बाजूनं. जहांगीर एवढा चिडला होता, की त्यानं अंबराच्या तोडलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्र काढून घेतलं. खरं मुंडकं काही हाती लागलं नाही."

नातू हसला. आजोबा मात्र हसले नाहीत.

"लढाया सगळेच सांगतात. मला त्याचं दुसरं काम मोठं वाटतं. तेव्हा गावाची वसुली मक्त्यानं जायची. जास्त बोली लावील त्याच्या हाती गाव, मग त्यानं कुणब्याला पिळावं. अंबरानं मक्ता बंद केला. जमिनीची प्रत पाहायची, प्रत्यक्ष पीक किती आलं ते पाहायचं आणि त्यातला बेताचा वाटा घ्यायचा. खडकी वसवली, आजचं संभाजीनगर, तिथं जमिनीखालून नहर काढून पाणी आणलं. अरे, ज्याच्या स्वतःवर बोली लागली होती, त्याला बोलीवर गेलेल्या गावाचं दुःख कुणी समजावून सांगायला नको होतं, असं मला वाटतं."

बराच वेळ फक्त बंधाऱ्याचा आवाज येत होता.

"फावडं आपल्या हातात आहे, पोरा. पाणी आपलं नाही."

नातू काही बोलला नाही. पहाटे मात्र तो वरच्या फडावर गेला, दाऱ्यात माती ओढून पायानं दाबली आणि मोकळ्या झालेल्या पाण्याबरोबर पाटाच्या कडेनं चालू लागला. कोरड्या चारीतलं पाणी हळू जातं. पुढं वाळकी पानं, काड्या, मळकट फेस, आणि मागून पाणी. वाटेत दोघांनी चहाला हाक मारली.

विधवा बांधावर बसली होती. फेस तिच्या वावरात शिरला, पहिल्या भेगेपाशी थांबला आणि आत उतरला. भेग बराच वेळ भरेचना. नातू फावडं टेकवून तिथंच उभा राहिला.