दुसऱ्याच्या ताटातलं अंडं

मागच्या चातुर्मासातली गोष्ट. बस्तीत दुपारचा स्वाध्याय संपला, पोथी वेष्टनात गेली आणि आमच्या मंडळातल्या एक वहिनी कागद फिरवू लागल्या. अंगणवाडीतल्या मुलांना अंडी देणं बंद करावं, असा अर्ज होता. बऱ्याच सह्या झाल्या होत्या. माझ्यापर्यंत कागद आला तेव्हा मी म्हटलं, "चष्मा घरी राहिला की, उद्या करते." चष्मा पिशवीतच होता. अहिंसेच्या अर्जापायी मी असत्य बोलून मोकळी झाले!

सही का झाली नाही, ते सांगायला हवं. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाईंची नात अंगणवाडीत जाते. चार वर्षांची आहे, पण तिच्या वजनाचा ठिपका तक्त्यावरच्या हिरव्या पट्ट्यातून खाली पिवळ्यात उतरलाय. बाई चार घरची कामं करतात, मुलगी शेतात जाते. पोर सांभाळायला घरात कुणी नाही. त्यांच्यासाठी अंगणवाडी म्हणजे पाळणाघरही आहे आणि दुपारचं स्वयंपाकघरही. एकदा मी भीत भीत विचारलं, "अंडं खाते का गं ती?" तर म्हणाल्या, "खातीय की अक्का. त्या दिवशी न रडता जातीय बघा."

आपली मुलं कधी अंगणवाडीत गेली नाहीत, त्यामुळे तिथे काय चालतं हे आपल्याला वरवरचंच ठाऊक असतं. २ ऑक्टोबर १९७५ ला, गांधीजयंतीच्या दिवशी ही योजना सुरू झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्कच झाला. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला घरच्या जेवणाला पूरक म्हणून रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत. फार अशक्त मुलाला ८०० कॅलरी. २०१७ साली यासाठी केंद्राने दर ठरवला तो मुलामागे दिवसाला ८ रुपये. आठ रुपयांत भात, आमटी, भाजी आणि प्रथिनं! घर चालवणाऱ्या बाईला हा हिशेब समजावून सांगायला नको. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय त्यात पाणी घालता येत नाही आणि माप मारता येत नाही. आमच्या कर्नाटकात २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेतून दूधही देतात, ते चांगलंच आहे.

आता आपली बाजू. ती लहान नाही. हिंसा स्वतः करू नये, करवू नये आणि करणाऱ्याला अनुमोदन देऊ नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग मी गप्प बसले तर ते अनुमोदन नाही का? हल्लीची अंडी निर्जीवच असतात, असं म्हणून सुटता येतं, पण ती पळवाट मला पटत नाही. पिंजऱ्यातली कोंबडी निर्जीव नसते. तिचं दुःख मला खरंच वाटतं, ते नाकारून मला या प्रश्नाचं उत्तर नको आहे.

पण त्याच रात्री तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय काढून बसले. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तिथे दिलेत. बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, जादा ओझं लादणं, आणि पाचवा अन्नपान-निरोध. जीवाचं अन्नपाणी अडवणं. इतकी वर्षं मी हा पाचवा अतिचार गोठ्यातल्या गुरांपुरता समजत होते. दावणीच्या बैलाची वैरण अडवली तर दोष, आणि चार वर्षांच्या पोरीच्या ताटातलं काढलं तर? सही केली असती तर माझा हात कोंबडीला सोडवायला पोचला असता की नाही कोण जाणे, पण त्या ताटापर्यंत नक्की पोचला असता.

माझा मुलगा लहानपणी असाच काटकुळा होता. डॉक्टर म्हणाले, अंडं द्या. सासूबाईंनी ठाम नाही म्हटलं, मीही म्हटलं. तेव्हा त्या निश्चयाचा अभिमान वाटला होता. आज आठवतं की त्या निश्चयामागे दारात दोन म्हशी होत्या, डब्यात बदाम होते, तूप होतं. भरल्या कोठीवर बसून मी नाही म्हटलं होतं. त्या पोरीच्या आजीच्या घरी नाही म्हणायला आहे काय? आणि व्रत तर स्वतःहून घ्यायचं असतं. दुसऱ्याच्या लेकराला घालायचं ते नसतं. आपल्या एखाद्या मुलाला कुणी बळेच अंडं खाऊ घातलं तर मी सगळ्यात आधी भांडायला जाईन. शाळेत अंडं न खाणाऱ्याला केळं देतात, तशी सोय सगळीकडे हवी, हे मागायला माझी दहा वेळा सही घ्या.

दुसऱ्या दिवशी वहिनींना हे सगळं सांगितलं. त्या चिडल्या. म्हणाल्या, "अंड्याऐवजी दूध-शेंगा द्या म्हणतोय आपण, उपाशी ठेवा म्हणत नाही." मुद्दा खरा होता. मी म्हटलं, "मग आधी ते देऊया, काढायचं मागनं बघू." तीस मुलं आणि वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे नऊ हजार लाडू. अभिषेकाच्या सवालात आपल्याकडे केवढाली रक्कम सहज बोलली जाते, ते दोघींनाही ठाऊक होतं. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

अर्ज माझ्या सहीविना गेला. आहारदानाच्या वहीत शेंगदाण्याच्या लाडवांसाठी सध्या पाच नावं आहेत. तिसरं नाव त्याच वहिनींचं आहे. अंगणवाडीच्या बाईंनी वरच्या बाईंना विचारून परवानगी घेतली, पण अट घातली की लाडू ताजे हवेत आणि आधी त्या स्वतः खाऊन बघणार. बरोबरच आहे. अंडी चालूच आहेत. त्या दिवशी बाईंनी नात न रडता गेल्याचं सांगितलं की मला बरंही वाटतं, आणि कुठेतरी टोचतंही.

माझा वार बुधवार. मंगळवारी उजेड असतानाच शेंगा भाजून ठेवते.