प्रवास कुणाचा म्हणायचा?

माझ्या जुन्या वह्यांमध्ये वासोट्याची एक नोंद आहे. बामणोलीहून लाँचने कोयनेचा शिवसागर जलाशय ओलांडून आम्ही चौघे गडावर गेलो होतो. लाँच किती वाजता सुटली, चढाईला किती वेळ लागला, वाटेत गव्याचा माग कुठे दिसला, माथ्यावरून कोकण कसं दिसलं, हे सगळं बारीक अक्षरात लिहिलं आहे. एकच गोष्ट राहून गेली. मध्यावर नावाड्याने इंजिन मंद केलं, डाव्या हाताच्या पाण्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "आमचं घर हितं खाली हाय." मी मान हलवली आणि पुन्हा डोंगराकडे बघत बसलो.

कोयना धरणाच्या पाण्याखाली गावंच्या गावं गेली. तिथली माणसं सांगलीपासून ठाण्या-रायगडपर्यंत कुठे कुठे जाऊन वसली. कुणाचे देव्हारे ट्रकमधून गेले, कुणाची जनावरं विकली गेली. त्यांचंही ते जाणंच होतं. पण मला त्या वयात प्रवासी दिसत होतो फक्त आम्ही चौघे, पाठीवर सॅक असलेले.

ही समजूत बदलायला मला पंचवीसेक वर्षं लागली. ती आधी पुस्तकांनी बदलली आणि मग रस्त्याने.

पहिलं पुस्तक गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाला, तो देश बघायला नव्हे. घरावर कर्ज होतं आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा बरी मिळेल, असं कानावर आलं होतं. वाटेत बंड पेटलं, झाशीच्या वेढ्यात तो सापडला, लुटला गेला आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी परतला. चिंतामणराव वैद्यांनी हे लेखन १९०७ साली छापलं. मराठी प्रवासवर्णनाची सुरुवात सांगताना हे पुस्तक घेतातच. मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते भटजींचं पोट: कुठे जेवण मिळालं, कुणी किती दिलं, कुठे उपाशी झोपलो. तोफा चालू असतानाही रोजचं जगणं थांबत नाही, हे त्यांना माहीत होतं, कारण ते भरल्या पोटी निघालेच नव्हते.

दुसरे काका कालेलकर. त्यांचा जन्म १८८५ साली साताऱ्यात झाला. पुढे हिमालय त्यांनी पायी पाहिला आणि तो प्रवास गुजरातीत लिहून काढला. साऱ्या देशातल्या नद्यांवरही लिहिलं. पण त्यांच्या कृष्णेच्या आठवणी सुरू होतात माहुलीला, साताऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, घरच्या माणसांबरोबर लहानपणी गाडीत बसून केलेल्या फेरीपासून. माहुलीला आजही एखाद्या एकादशीला जाऊन बसावं. वेण्णा कृष्णेत शिरते तिथे घाटावर कुणी गोधडी आपटत असतं, कुणी दशक्रियेला आलेलं असतं, पोरं उड्या मारत असतात. एवढा मोठा प्रवासी या घाटावरून निघाला, हे तिथे बसलं की अगदी सरळ वाटतं. लांबचं बघायची नजर त्याला जवळच्या नदीने दिली.

याच कालेलकरांकडे १९५३ साली पहिल्या मागासवर्ग आयोगाचं अध्यक्षपद आलं. त्याच्या आदल्याच वर्षी 'गुन्हेगार जमाती'चा कायदा रद्द झाला होता. १८७१ पासून इंग्रज सरकारने कितीएक भटक्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवून हजेरी लावली होती. हौसेचा प्रवास आणि भटक्यांचा प्रश्न, हे दोन धागे एका माणसाच्या आयुष्यात शेजारी आलेले पाहिले आणि मी 'भटकंती' या शब्दापाशी थांबलो. आज हा शब्द टीशर्टवर असतो, दिवाळी अंकाच्या सदराला असतो. आपण भटकलो तर छंद. कैकाड्याने, पारध्याने भटकलं तर पोलीस पाटलाने चौकशी करायची.

अशाच कैकाडी घरातल्या लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० साली आलं, तेही याच सातारा जिल्ह्याच्या मातीतून. गाढवाच्या पाठीवर सगळा संसार, फोकाच्या टोपल्या विणायच्या, एका गावाबाहेरून दुसऱ्या गावाबाहेर. लोक त्याला दलित आत्मकथन म्हणून वाचतात, आणि ते बरोबरच आहे. पण मी ते गोडसे भटजींच्या शेजारी ठेवून वाचलं आणि माझी खात्री झाली की आपल्या भागातलं सर्वांत खरं प्रवासवर्णन तेच. वाटेवरच चूल मांडणारा माणूस वाटेबद्दल जे सांगतो, ते मुक्कामाला लॉज बुक केलेल्याला सांगता येत नाही. हे मी माझ्या सगळ्या वह्या समोर ठेवून म्हणतो आहे.

मग रस्त्यावरही तेच दिसायला लागलं. दिवाळी झाली की माणदेशातले मेंढपाळ पश्चिमेला उतरतात. कराडच्या पुढे एका उसाच्या फडाशेजारी त्यांचा मेंढरांचा वाडा बसला होता. घोड्यावरून उतरवलेली भांडी, वाघरीच्या आत कोकरं, कोंबड्यांचा झाप. शेतमालकाने खतासाठी मेंढरं बसवली होती. म्हातारीला विचारलं, दरवर्षी इथेच येता का? ती म्हणाली, "त्या अंगाला बसायचो. आता तिथं प्लाट पाडल्याती." कोणत्या गावाची गायरानं कधी गेली, कोणत्या ओढ्याचं पाणी कोणत्या महिन्यात आटतं, याचा असा हिशेब मला कुठल्याही प्रवासी पुस्तकात मिळालेला नाही.

आणि मदुराई. मीनाक्षीचं देऊळ पाहून सराफी गल्लीतून चाललो होतो. तेजाबाचा उग्र वास आला आणि पाठोपाठ आवाज, "आरं मूस धर की नीट!" आत जेमतेम आठ फुटांची खोली, भट्टी, भिंतीवर रेणावीच्या रेवणसिद्धाचा फोटो. माणूस विट्याकडचा. सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात खानापूर, आटपाडी, तासगाव, खटाव, माण इथली माणसं देशभर पांगली आहेत. दुष्काळाने बाहेर काढलं, पाहुण्याने पाहुण्याला नेलं. भट्टीपुढच्या माणसाने चौदाव्या वर्षी गाव सोडलं होतं. मामाच्या दुकानात झाडू मारता मारता टंच काढायला शिकला, तमिळ शिकला. मुलीला तमिळ लिहिता येतं, मराठी नुसती बोलता येते. मी देऊळ बघून निघणारा. तो त्या शहराच्या सोन्याचा कस रोज बघणारा. मला पोहोचवायला बसस्टँडपर्यंत आला आणि वाटेत सिंचन योजनेबद्दल एकच विचारलं, "टेंभूचं पाणी आमच्या साईडला कसं चाललंय?"

तेव्हापासून वहीत उंची आणि अंतर लिहिणं कमी झालं आहे. माणसाने कशासाठी घर सोडलं, वाटेत काय खाल्लं, परत जायला जागा उरली का, हे आधी लिहितो. गोडसे भटजींनी लिहिलं नसतं तर वरसईच्या एका कर्जबाजारी भिक्षुकाने १८५७ मध्ये काय पाहिलं, हे आपल्याला कळलं नसतं. गलाईवाल्यांच्या तीन पिढ्यांनी काय पाहिलं, ते अजून फारसं लिहिलं गेलेलं नाही. जुन्या पिढीतले आता ऐंशीच्या घरात आहेत.

चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा भरतात, तेव्हा ही मंडळी देशाच्या कानाकोपऱ्यातून घरी येतात. पालखी निघायच्या आधी देवळाच्या कट्ट्यावर निवांत बसलेली असतात. तुमच्या गावात असं कुणी आलं तर शेजारी बसा, गाव कोणत्या साली सोडलं ते विचारा, आणि सांगतील ते लिहून घ्या. नाव विचारायला विसरू नका. बामणोलीच्या त्या नावाड्याचं नाव मी विचारलं नव्हतं.