भिंत कोणाची?

नॉर्वेतील मार्टिन व्हॉटसन (जन्म १९८४) हा चित्रकार कापलेल्या साच्यावरून रंग फवारून भिंतीवर करडी, निःशब्द आकृती उमटवितो आणि मग तिच्याच अंगावर भडक रंगांच्या वेड्यावाकड्या अक्षरांचा वर्षाव करितो. ही अक्षरे १९७० नंतर न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्यांवर पोरांनी चोरून लिहिलेल्या नावांच्याच कुळातली. तेथे ती पुसण्यास वर्षानुवर्षे खर्च झाला; १९८९ मध्ये तशी अखेरची गाडी मार्गावरून काढण्यात आली. व्हॉटसनला मात्र त्याच अक्षरांसाठी उत्सवांतून भिंती निमंत्रणपूर्वक मिळतात! मग अपराध होता तो रेषेत की परवानगीच्या अभावात?

सौंदर्याने अपराध धुऊन निघतो, असे कलेचे कैवारी म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याला न विचारता भिंत रंगविली, त्या घरधन्याचा अधिकार चित्र सुंदर निघाल्याने नाहीसा होत नाही. परंतु नुसत्या संमतीचा बडेजाव करणाऱ्यांनीही जरा थांबावे. जाहिरातींचे अजस्र फलक रीतसर भाडे भरूनच आपल्या डोळ्यांवर आदळतात. तेथे भिंतीच्या मालकाला विचारलेले असते. रोज त्या वाटेने जाणाऱ्याला कोणी विचारले?